राणीच्या पाठीवरचं मूल पुढे कुठे गेलं?

प्रति,
मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे लेखक-लेखिका आणि त्या छापणारे प्रकाशक,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. तुमची पुस्तकं आमच्याकडे सर्वांत जास्त फिरतात. इतकी, की वर्षा-दोन वर्षांत त्यांची शिवण उसवते आणि आम्ही खळ लावून, जाड दोऱ्याने पुन्हा बांधून घेतो. तेव्हा हे पत्र तक्रारीचं आहे असं कृपया समजू नका. ज्यांच्याकडे काही मागता येतं, त्यांच्याकडेच मागते आहे.

सात वर्षांपूर्वी माझी मुलगी दुसरीत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात झाशीच्या राणीवर छोटं नाटक बसवलं होतं. राणी झाली होती नववीतली एक उंच मुलगी. तिच्या पाठीवर बांधायला हलकं मूल हवं, म्हणून माझ्या मुलीला घेतलं. तिला एकही वाक्य नव्हतं. जुन्या शेल्याने बांधून घ्यायचं आणि पडदा पडेपर्यंत घट्ट बिलगून राहायचं, एवढंच काम. रंगपटात बाईंनी तिच्या तोंडाला, मानेला आणि मनगटापर्यंत हातांना पांढरी पावडर थापली. मी तिचा छोटा फेटा हातात धरून शेजारीच उभी होते. बाई सहज म्हणाल्या, "अहो, राणीचं मूल इतकं काळं कसं दाखवणार?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मीही काही बोलले नाही. ते न बोलणं मला आजही टोचतं.

रात्री घरी खोबरेल तेलात कापूस बुडवून मी तिचं तोंड पुसत होते. कानामागची पावडर निघता निघेना. ती आरशात बघत म्हणाली, "आई, राणी तर मेली. मग तिच्या पाठीवरचं मूल कुठे गेलं?"

माझ्या मुलीला आम्ही दत्तक घेतलं आहे, आणि तिला ते कळायला लागल्यापासून माहीत आहे. राणीचा दामोदरही दत्तक होता, हे तिला नाटकाच्या तालमीत कळलं होतं. त्यामुळे तिचा प्रश्न सहज विचारलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात कपाटासमोर उभी राहिले. राणीवरची आमच्याकडे असतील नसतील तेवढी पुस्तकं काढून शेवटची पानं चाळली. जून १८५८, ग्वाल्हेर, घोडा अडतो, घाव बसतो, चिता पेटते, आणि पुस्तक मिटतं. मुलाचं झालं तर एखादं वाक्य. खरं तर ते मूल त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं जगलं. विश्वासू माणसांनी त्याला जंगलाजंगलातून लपवत नेलं. शेवटी तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला. इंदूरला नजरेखाली राहिला, तुटपुंज्या पेन्शनवर संसार केला, आणि १९०६ साली वारला. आई गेली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. ज्या सरकारशी लढताना ती गेली, त्याच सरकारने त्याचं दत्तकपण नाकारलं होतं, आणि त्याच सरकारच्या पेन्शनवर त्याला उरलेला जन्म काढायचा होता. मला यात एक अख्खी कादंबरी दिसते. आमच्या कपाटात ती नाही.

आपल्या इतिहासात दत्तक मुलांचा तोटा नाही. साताऱ्याचं राज्य १८४८ साली दत्तक नामंजूर करूनच खालसा झालं. बडोद्याला १८७५ साली कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळ आणला आणि तो सयाजीराव झाला. कोल्हापूरला १८८४ साली कागलच्या घाटग्यांचा यशवंत आणला आणि तो शाहू झाला. झाशीचा दामोदर त्याआधी आनंद होता. तिघांचीही नावं बदलली. या प्रसंगांवर तुम्ही किती तपशिलाने लिहिता! मुहूर्त, होम, नजराणे, खलिते, रेसिडेंटसाहेबाची खुर्ची कुठे मांडली होती इथपर्यंत. पण पहिल्यांदा कुणीतरी "दामोदर" म्हणून हाक मारली, तेव्हा आनंद नावाच्या त्या पोराने मागे वळून पाहिलं का? रात्री झोपेत तो कुठल्या आईला हाक मारत होता? दत्तकविधान आपण गादीच्या बाजूने लिहिलं. ज्याला ओटीत घातलं, त्याच्या बाजूने लिहायचं राहून गेलं.

मुलीच्या त्या प्रश्नामागे लागून मी वाचत गेले आणि झाशीहून फार लांब पोचले. दुसरं महायुद्ध संपल्यावर युरोपात जी मुलं मागे राहिली, त्यांच्यापर्यंत. तुमच्यापैकी कुणालातरी हे लिहावंसं वाटेल या आशेने जरा सविस्तर सांगते.

१९४२ ते १९४५ या काळात इंग्लंडमधून सुमारे ३० लाख अमेरिकन सैनिक गेले. त्यांत कृष्णवर्णीय सैनिक दीड लाखाहून बरेच जास्त होते. अमेरिकी सैन्यात तेव्हा गोरे-काळे वेगळे असत. तुकड्या वेगळ्या, जेवणघरं वेगळी. गावात नाचाला जायच्या रात्रीही पुष्कळ ठिकाणी वाटून दिलेल्या, आज गोऱ्यांची, उद्या काळ्यांची. तरीही इंग्लंडमधल्या मुली या सैनिकांबरोबर नाचल्या, प्रेमात पडल्या. लग्न करायचं तर सैनिकाला वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागे, आणि काळ्या सैनिकाला गोऱ्या मुलीशी लग्न करायची परवानगी जवळजवळ कधीच मिळत नसे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असं लग्न तेव्हा कायद्यानेच बंद होतं. म्हणजे बाप पळून गेला नव्हता, त्याला बाप होऊच दिलं नव्हतं. अशी सुमारे २,००० मुलं इंग्लंडात जन्मली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी त्यांना 'ब्राउन बेबीज' म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं.

यातली जवळपास निम्मी मुलं आयांनी ठेवली नाहीत, किंवा त्यांना ठेवता आली नाहीत. सॉमरसेट परगण्यात हॉलनिकोट हाउस नावाच्या मोठ्या वाड्यात अशा मुलांसाठी बालगृह होतं. तिथले जुने फोटो पाहिले की गलबलून येतं. हिरवळ, मागे टेकड्या, आणि ओळीने उभी केलेली कुरळ्या केसांची नीटनेटकी पोरं. खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. पण ही मुलं कुणी दत्तक घेणार नाही असं धरूनच चाललं होतं. 'दत्तक द्यायला कठीण' असा शिक्का रंगावरूनच बसे. अमेरिकेतली कृष्णवर्णीय कुटुंबं त्यांना न्यायला तयार होती, काहींचे खरे बापही तयार होते. पण ब्रिटिश कायद्याने मूल परदेशी नागरिकाच्या हवाली करता येत नव्हतं आणि सरकारने त्यातून वाट काढली नाही. इथे कुणी घ्यायचं नाही आणि तिकडे पाठवायचं नाही. जमैकात जन्मलेले आणि लंडनमध्ये दवाखाना चालवणारे डॉक्टर हॅरॉल्ड मूडी यांनी १९४५ साली आरोग्यमंत्री बेव्हन यांना कळवलं होतं, की अनौरस म्हणून आणि मिश्र वंशाचं म्हणून असा दुहेरी भार घेऊन ही पोरं वाढणार आहेत, त्यांना नीट संधी मिळणं फार अवघड आहे. पत्र पोचलं. मुलं बालगृहातच राहिली.

पुढे म्हातारपणी या मुलांनी आपल्या आठवणी सांगितल्या आहेत. त्यांत एक गोष्ट वेगवेगळ्या तोंडून येते: लहानपणी अंगाचा रंग जाईल म्हणून कातडी खसाखसा घासणं. मी ते वाचलं त्या दिवशी मला खोबरेलचा कापूस आठवला आणि वाचनालय लवकर बंद करून मी घरी आले.

जर्मनीची गोष्ट आणखी मागे जाते. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाइनलँडवर फ्रेंच सैन्याचा ताबा होता, आणि त्यात फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींतले सैनिक होते. त्यांच्यापासून झालेल्या सुमारे ४०० मुलांना नाझी राजवटीने १९३७ साली गुपचूप शस्त्रक्रिया करून निर्बीज केलं. दुसऱ्या युद्धानंतर अमेरिकी फौजा आल्या आणि पुन्हा काळ्या बापांची मुलं जन्मली, १९५५ पर्यंत सुमारे ५,०००. नाझी गेले होते, पण शेजारी तेच होते. मार्च १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेत एका सदस्याने या मुलांचा प्रश्न मांडला. बोलण्याचा सूर सहानुभूतीचाच होता. पण त्यात हेही आलं, की आपल्या देशाची हवाच या मुलांना मानवणारी नाही. ज्या मुलांचा जन्म जर्मनीत झाला, ज्यांनी जर्मनीखेरीज दुसरी हवा पाहिलीच नव्हती, त्यांच्याबद्दल हे बोललं जात होतं. त्याच वर्षी त्यांची पहिली तुकडी शाळेत जाणार होती.

याच काळात मॅनहाइम शहरात मेबल ग्रॅमर नावाची एक अमेरिकन कृष्णवर्णीय पत्रकार राहत होती. नवरा सैन्यात. ती बालगृहांतून फिरली, बाल्टिमोरच्या वृत्तपत्रात या मुलांबद्दल लिहीत राहिली, आणि वाचणाऱ्या कुटुंबांना म्हणाली, घ्या. सुमारे ५०० मुलांना तिने अमेरिकेतली घरं मिळवून दिली आणि स्वतः बारा मुलं दत्तक घेतली. हे काम मोठंच आहे. तरीही मला लेखकांना सांगायचं आहे, की गोष्ट ग्रॅमरबाईंशी संपवू नका. विमानातून उतरणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीचं काय? तिला जर्मनखेरीज भाषा येत नाही. समोर उभी असलेली आई तिच्यासारख्या रंगाची आहे आणि तिचा एक शब्द कळत नाही. मागे राहिलेली आई तिच्या भाषेची होती, रंगाची नव्हती. जर्मनीत तिला काळी म्हणून वेगळं काढलं, अमेरिकेत मुलं तिला जर्मन म्हणून चिडवणार. दत्तक घेणाऱ्यांनी कागदावर सह्या केल्या होत्या समुद्रापलीकडून, पोर न पाहता. त्या पोरीच्या डोळ्यांतून तो विमानतळ लिहायला फार ताकदीचा लेखक लागेल. मला खात्री आहे, तो मराठीत आहे.

आणि जी जर्मनीतच राहिली, ती मोठी झाल्यावर १९८० च्या दशकात एकमेकांना शोधू लागली. तोवर त्यांच्यासाठी जे शब्द होते, ते सगळे दुसऱ्यांनी दिलेले आणि बहुतेक लागट. त्यांनी स्वतःसाठी नवा शब्द घडवला, 'आफ्रोजर्मन'. चाळिशीला आलेल्या माणसाला आपल्यासाठी पहिल्यांदा एक बरा शब्द मिळतो, तो दिवस कसा असेल?

दक्षिण कोरियाची गोष्टही अशीच आहे. १९५३ साली कोरियातलं युद्ध थांबल्यानंतर तिथून आधी अमेरिकी सैनिकांची मिश्र वंशाची मुलं परदेशी दत्तक गेली आणि मग दशकानुदशकं मुलं जातच राहिली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने मान्य केलं, की अनेकांच्या कागदपत्रांत खाडाखोड होती, आईबाप असलेल्या मुलांना अनाथ दाखवलं होतं. पन्नाशीतली माणसं आज आपलं नाव खरं आहे का, हे विचारताहेत.

तुम्ही म्हणाल, याचा मराठीशी संबंध काय? तर आमच्या जिल्ह्यातच या. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने १९४० मध्ये त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियात नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथे आली. कौलारू बराकी, स्वतःच्या शाळा, चर्च, दवाखाना, नाटकमंडळी. यातल्या अनेक बायकांचे नवरे आणि भाऊ पोलिश फौजेतून इटलीत लढत होते, आणि आपल्या मराठा पलटणीही तेव्हा इटलीतच होत्या. गुजरातेतल्या नवानगर संस्थानच्या राजांनी, जामसाहेबांनी, बालाचडी गावी सांभाळलेली अनाथ पोलिश मुलंही तिथली छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर पुष्कळशी इथेच आली. जामसाहेबांना ती 'बापू' म्हणत. युद्धानंतर त्यांना पोलंडला सक्तीने धाडलं जाऊ नये म्हणून दत्तकाचे कागद केले गेले. हिंदू राजाने गोऱ्या ख्रिस्ती मुलांना दत्तक घ्यावं, हा प्रसंग कुठल्याही लेखकाला मोह घालील.

वळिवड्याचा मला अभिमान आहे. महावीर उद्यानातला पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ मी मुलीला दाखवला आहे. वॉर्सॉतल्या कोल्हापूरच्या स्मारकाला २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वंदन केलं, तेव्हा आम्ही वाचनालयात टीव्हीसमोर उभे होतो. पण कादंबरीकाराने अभिमानापाशी थांबू नये असं मला वाटतं. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसं डोंगर तुडवत पायी येत होती, आणि सुटकेच्या वाटाही गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी अशा पाडल्या होत्या. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला पंचगंगेत पोहणारी गोरी पोरं. तीही बेघरच, पण त्यांचा रंग राज्यकर्त्यांचा होता. त्या पाच हजारांच्या जागी हॉलनिकोटची मुलं आली असती, तर आपण त्यांना तसंच कवेत घेतलं असतं का? मला उत्तर देता येत नाही. बाळ घ्यायला आम्ही गेलो तेव्हा ज्या संस्थेतून ते घ्यायचं होतं, तिथल्या बाईंनी आवाज उतरवून विचारलं होतं, "सावळं आहे हं. चालेल ना?" त्यांनी आधी कितीतरी जोडपी परत गेलेली पाहिली असणार, म्हणून विचारलं. मला तो प्रश्न वळिवड्याच्या कादंबरीत हवा आहे.

आणि छावणीनंतरचंही हवं आहे. १९४८ मध्ये छावणी मोडली. माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेकडे पांगली, काही पोलंडला परतली. काही पोलिश मुली इथल्या तरुणांशी लग्न करून राहिल्या, नऊवारी नेसल्या, मराठी बोलल्या. त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीचे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. एका युद्धाने बेघर केलेल्यांच्या भिंतींवर फाळणीने बेघर केलेल्यांनी आपले कपडे टांगले. बराकीचा तो एकच खिळा धरून कुणी दोन्ही संसार लिहिले तर!

लिहाल तेव्हा काही गोष्टी एका आईच्या म्हणून ऐका. दत्तक घेणारीला देवी करू नका. आम्ही उपकार केलेले नाहीत. मूल हवं होतं म्हणून मूल घेतलं. उपकाराची भाषा आली की पोराला जन्मभर आभारी राहावं लागतं, आणि आभारी माणसाला रुसता येत नाही. जन्म देणारीला कुलटाही करू नका आणि अश्रूंची मूर्तीही करू नका. तिला नोकरी द्या, घरभाडं द्या, तिच्या आईबापाचं बोलणं द्या, मग तिने मूल का सोडलं ते आपोआप कळेल. आणि कृपा करून शेवटच्या प्रकरणात "खरं रक्त" उघड करून सगळं सोडवू नका. गळ्यातल्या ताईतावरून राजघराणं ओळखायचं आणि सगळ्यांनी रडायचं, याला माझी मुलगी वैतागली आहे. तिच्या जन्मदात्यांचा पत्ता लागला तरी ती आमच्याकडे भांडी घासायला कुरकुरणारीच मुलगी राहणार आहे.

रंगाबद्दलही लिहा. 'गव्हाळ', 'निमगोरी', 'सतेज सावळी' असे शब्द वापरून वाट काढू नका. आपल्या नायिका सगळ्या केतकीच्या वर्णाच्या असतात. काळ्या मुलीने नायिका कुठे शोधायची?

प्रकाशकांना एवढंच सांगते, की "याला वाचक नाही" असं म्हणू नका. वाचक कोण ते देवघेवीच्या टेबलाशी मला रोज दिसतं. १९५६ च्या कायद्यापर्यंत हिंदूंना मुलगी दत्तकच घेता येत नव्हती. आज आमच्या छोट्या गावातही दत्तक मुली असलेली घरं आहेत. त्या घरांतले आईबाप माझ्याकडे येऊन हळूच विचारतात, "मुलांना देण्यासारखं काही आहे का?"

आमच्याकडे मागणी नोंदवही आहे. वाचकाने पुस्तकाचं नाव लिहायचं, लेखकाचं लिहायचं, मग आम्ही शेरा घालतो. त्या स्नेहसंमेलनानंतर महिन्याभराने माझ्या मुलीने पाय उंच करून त्यात लिहिलं होतं, "राणीच्या मुलाचं पुस्तक." लेखकाचा रकाना कोरा. मी शेरा घातला, "उपलब्ध नाही. आल्यास कळवणे." ती आता नववीत आहे, त्या वेळच्या राणीएवढीच उंच झाली आहे. मागच्या आठवड्यात वही भरली म्हणून नवी काढली आणि जुन्या वहीतल्या न मिळालेल्या मागण्या उतरवून घेतल्या. तिची नोंद पहिल्याच पानावर आली.

दामोदररावांवर लिहा, वळिवड्यावर लिहा, नाहीतर हॉलनिकोटच्या त्या पोरांवर मराठीत लिहा. पुस्तक निघालं की दोन प्रती पाठवा. बिल वाचनालयाच्या नावे करा, पैसे लगेच पाठवते.

आपली,
एक ग्रंथपाल